दहा मेचा पेपर

युसूफ वडगाव,
सोमवार, ४ मे

प्रिय आम्रपाली,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आजीचे गुडघे आधी जेवढे दुखायचे तेवढेच दुखतात, आणि ती आधीपेक्षा थोडं जास्तच बोलते. मी शाळेच्या ऑफिसात बसून हे लिहितो आहे. सुट्टी असल्यामुळे इथं कोणी नाही. दाखला मागायला एखादा पालक येतो, तेवढंच काम. सकाळपासून दोन-तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. एकदा बाकं मोजायला गेलो, ती गेल्या आठवड्यातच मोजली होती. एकदा नळ गळतोय का ते बघायला गेलो, नळाला पाणीच नव्हतं. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. लिहितो, म्हणजे कळेल.

बुधवारी तुझा फोन आला. त्या गणिताच्या संस्थेनं प्रवेशपरीक्षेची तारीख पुढं ढकलली आणि ती नेमकी दहा मेवर आली, असं तू सांगितलंस. दहा मे म्हणजे आईला जाऊन वर्ष होतं तो दिवस. इकडं आपल्या दारात मांडव आणि तिकडं संभाजीनगरला तुझा पेपर, एकाच सकाळी. "मी घरी येते पप्पा, पेपर काय, पुढच्या वर्षी बी देता येतो," असं म्हणालीस. मी "बरं" म्हणालो.   मग "ठेवते" म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसलो तरी मधेच उठतो. आजी म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय का रं नवनाथ? बस की जरा." बसतो, आणि तिची पाठ वळली की पुन्हा उठतो.

आजीला तारखेचं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "पेपर दरसाल येतंय. आईचं वरीस एकदाच. मेणबत्ती कोन लावणार, तू?" आपल्या घरात पहिल्या वर्षाला फोटोपुढची मेणबत्ती लेकरानंच लावायची, त्यानंतर त्रिशरण-पंचशील सुरू करायचं, ही रीत तुला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मी लावली होती आणि काडी तीनदा विझली होती. आजीला ते अजून आठवतं. आणि तू एकटीच. दुसरं लेकरू नाही की त्याला पुढं करावं.

काल दिंद्रुडला पप्पू मामाकडं गेलो होतो. जेवणाचं, मांडवाचं, बौद्धाचार्यांना आणायचं, सगळं त्यानंच अंगावर घेतलं आहे. दुकानात गिऱ्हाईक उभं, एका हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाईल, आणि दुसऱ्या हातानं मला सगळं समजावून सांगत होता. "दाजी, तुमी काय बी करू नका. मी हाय. शनिवारी सांच्याला गाडी घिऊन बीडला जातो, भाचीला घेतो आन् डायरेक वडगाव. आन् तुमचं मनोगत धरलंय बरं का. ताईवर दोन शब्द." मी म्हणालो, मला चारचौघांत बोलता येत नाही. तर म्हणाला, "मग तुमाला येतंय तरी काय वो? ताई हुती म्हणून चाललं." तो रागानं नाही म्हणाला. म्हणून झाल्यावर लगेच त्यानं त्या गिऱ्हाइकाला विनाकारण चार शब्द सुनावले. मी तुझ्या पेपरचं त्याला सांगायला गेलो होतो. न सांगताच परत आलो.

परत आल्यावर फळीवरचं ते पुस्तक काढलं. तेच, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. तुझी दहावी झाली त्या सुट्टीत आई अंगणवाडीच्या ट्रेनिंगला बीडला गेली होती आणि स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून अकरावीचं गणित म्हणून हे घेऊन आली. मूळ कव्हर नव्हतं, पहिलं पानही नव्हतं. अकरावीच्या गठ्ठ्यात होतं म्हणून अकरावीचं. सायन्सचं पुस्तक आपल्या घरात त्याआधी कोणी पाहिलेलंच नव्हतं. आई मुक्त विद्यापीठाची बी.ए. आणि मी बी.कॉम. सायन्सचं इंग्रजी असंच असणार, असं आम्ही धरून चाललो. आईनं डिक्शनरी पुढं ठेवली आणि तुला बसवलं. तू पहिल्याच दिवशी रडलीस. तेव्हा गावातल्या अर्जुनरावांची सायली लातूरला क्लासला गेली होती आणि तिचे दोन धडे झाले, अशी बातमी आईनं कुठून तरी आणली होती. "तिला जमतंय, मग तुला कावून न्हाई जमत? तिला काय दोन डोकी हायत?" मीही पेपर वाचता वाचता म्हणालो होतो, सवय होईल. सायली अकरावीचं करत होती आणि तू बी.एस्सी.चं, हे तेव्हा आपल्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

आईला गणित येत नव्हतं. तिचं एवढंच होतं की पटल्याशिवाय पान उलटू द्यायचं नाही. भाजी घेतानाही ती तशीच होती. पुस्तकात एक वाक्य होतं, किंमत पाहिजे तितकी जवळ आणता येते, अशा अर्थाचं. त्यावर तुमचे कितीतरी दिवस गेले. आई म्हणायची, "पाहिजे तितकी म्हंजे किती? मला पटवून दे." तू म्हणायचीस, तूच सांग किती. मग ती दोन बोटांची चिमूट धरून दाखवायची, एवढी. तू खाली मान घालून गणित करायचीस आणि उत्तर सांगायचीस. तोवर तिनं चिमूट आणखी बारीक केलेली असायची. "आन् आता?" तू पुन्हा करायचीस. एके दिवशी तू वही आपटलीस आणि ओरडलीस, "आई, तू कितीबी बारीक कर, माझ्याकडं उत्तर हाय!" आईनं चिमूट सोडली आणि ती म्हणाली, "आगं मग हेच लिव्हलंय की ह्यानं. उगं अवघड करून ठिवलंय." मी ओसरीवर बसून हे सगळं ऐकायचो. मला कळायचं नाही. पण तुमचं भांडण ऐकत बसायला मला आवडायचं, आणि मी पेपराचं तेच पान धरून बसायचो.

अंगद सर पहिल्यांदा घरी आले तो दिवस तुलाही आठवत असेल. कॉलेजात त्यांनी तोच धडा काढला आणि तू उभं राहून सगळं मराठीत सांगितलंस, चिमटीसकट. क्लास कुठं लावलास, असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणालीस, घरीच, आई घेते. सरांना वाटलं, आई कुठंतरी प्राध्यापक असणार. ते केजहून मोटारसायकलवर आले तेव्हा आई नुकतीच अंगणवाडीतून आली होती आणि आजीशी तांदळावरून तिचं काहीतरी चाललं होतं. सरांनी पुस्तक चाळलं, मागून पुढून बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "ताई, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं आहे. अकरावीचं नाही." आईचा चेहरा एकदम उतरला. "आगं बाई! म्हंजे पोरीला मी उगंच रडवलं की." सर समजूत घालायला लागले, तसं कसं, चांगलंच झालं, वगैरे. त्यांना मधेच तोडून तिनं विचारलं, "मग सर, दुसऱ्या वर्षाचं कुठं मिळंल?" सरांना चहाचा ठसका लागला. आजीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आमच्या सुनंचं हे असंच हाय." त्या संस्थेचं नाव सरांनी त्याच दिवशी काढलं.

नंतर तुमचं ते कुठंही चालू व्हायचं. एकदा आपण तिघं केजला निघालो होतो. एस.टी.त तू आईला सांगत होतीस, गाडी वडगावहून केजला सरासरी ज्या वेगानं गेली, तो वेग वाटेत एकदा तरी काट्यावर आलेलाच असतो. आई म्हणाली, "आन् मधी पंक्चर झाली तर?" तू म्हणालीस, झाली तरी. "आन् डायवर झोपला तर?" मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "काय अभद्र बोलता वो ताई." तेवढ्यात कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "पोरी, या गाडीचा काटा बंदच हाय. कवाचा." सगळी गाडी हसली. तू तेवढ्यात त्यालाही पटवायला निघालीस की काटा बंद असला तरी वेग असतोच. तो म्हणाला, "आसंल बाबा, पर टायमावर कुटं पोचतो आपुन?" आईला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला. ते हसणं मला या वर्षभरात पुष्कळदा आठवलं. कधी कधी ऑफिसात बसल्या बसल्या आठवतं आणि मग मला उठून बाहेर जावं लागतं.

शुक्रवारी अंगद सरांचा फोन आला. "नवनाथराव, ती नाही म्हणतेय. हॉलतिकीटसुद्धा काढलेलं नाही. तुम्ही एक शब्द टाका, तुमचं ऐकेल." त्यांनाही मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला, चपला घातल्या आणि स्टँडवर गेलो. केजची गाडी लागली होती, चढलो. केजला उतरल्यावर लक्षात आलं की माझं तिथं काही काम नाही. रसवंतीत बसलो, अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि त्याच गाडीनं परत निघालो. कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, काय इसरलं का घरी?" मी म्हणालो, हो. दुसरं काय सांगणार.

तुझं म्हणणं पुढच्या वर्षी. काल रात्री सरांना फोन करून मी तेही विचारलं. ते म्हणाले, देता येतं, पण वर्षभर पुस्तक बाजूला पडलं की ते पुन्हा हातात घेणारी मुलं त्यांनी फार थोडी पाहिली आहेत. शिवाय मामानं तुझ्यासाठी नर्सिंगचं बघून ठेवलं आहे. त्यात वाईट काही नाही. तुला ते करायचं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पण तू त्या गणिताच्या संस्थेचा फॉर्म मार्चमध्ये स्वतः भरलास, मला न सांगता. मला तो सरांकडून कळला. मी तुला त्यावर काही बोललो नाही. मला बरं वाटलं होतं, एवढं आता लिहितो.

बरं वाटायचं कारण अंबाजोगाईच्या दवाखान्यातला तो दिवस. आईचा ताप उतरत नव्हता आणि तू उशाशी हेच पुस्तक घेऊन बसली होतीस, कारण तिनंच मागितलं होतं. दोन गोष्टी एकदम बदलत असतील तर एक जागच्या जागी धरायची आणि दुसरी किती बदलते ते बघायचं, असं काहीतरी तू वाचून दाखवत होतीस. तिच्या ओठांना कोरड पडली होती. तरी म्हणाली, "आसं कुटं आसतंय का? धरून ठिवली म्हणून ती राहती व्हय जागंवर?" तू म्हणालीस, गणितात राहते. ती म्हणाली, "मग दे पटवून." तेवढ्यात नर्स आली आणि आपल्याला बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर ती तुझ्याशी एवढं बोलली नाही. तू ते पुस्तक पिशवीत घातलंस, घरी आल्यावर फळीवर ठेवलंस आणि परत काढलं नाहीस. बारावीचं सगळं केलंस, पेपर दिलेस, सीईटीच्या क्लासला बीडला गेलीस, पण त्या पुस्तकाला हात लावला नाहीस. मी बघत होतो. आपण दोघंही त्या घरात एकमेकांना बघत होतो आणि बोलत नव्हतो. आजी एकटीच बोलायची. म्हणून तू फॉर्म भरलास हे कळलं, तेव्हा मला वाटलं, ही पुन्हा हलली.

आईला काय वाटलं असतं, हे मी लिहिणार नाही. गेले महिनाभर सगळे तिच्याच नावानं बोलतात. मामा म्हणतो, ताईला गोड बुंदी पाहिजे असती. आजी म्हणते, वनिताला लेक जवळ पाहिजे असती. सर म्हणतात, ताईंना पेपर पाहिजे असता. तिला काय पाहिजे होतं ते ती जिवंत असताना स्वतः सांगायची, आणि मोठ्यानं सांगायची. आता कोणाला माहीत नाही. मलाही नाही. मी फक्त माझं लिहितो आहे.

आज सकाळी आजीला सांगितलं. ती दारात बसून डाळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, आम्रपाली दहा तारखेला येणार नाही, ती पेपरला जाईल. ती सूप हलवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुला कुनी सांगितलं, तिनं?" मी म्हणालो, नाही, मीच ठरवलं. तिनं माझ्याकडं वर बघितलं. मी काही ठरवल्याचं तिनं पुष्कळ वर्षांत ऐकलं नसेल. "आन् मेणबत्ती?" मी म्हणालो, मी लावीन. "तुझ्या हातानं काडी इझती." मी म्हणालो, दुसरी ओढीन. ती पुन्हा डाळीत बोटं घालून बसली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर भांडेल. मी तिथून निघालो, अंगणाच्या पलीकडं गेलो, तेव्हा मागून ओरडली, "किती वाजता हाय त्यो पेपर? उपाशी जाऊ नगं म्हनावं तिला. तिकडं सकाळच्या पारी काय मिळत नसतंय." मी तसाच शाळेत आलो आणि हे लिहायला बसलो.

आता ज्यासाठी बसलो ते. हॉलतिकीट आजच काढ. शनिवारी सकाळी अंगद सर आणि त्यांच्या मिसेस मोहिनीताई बीडच्या स्टँडवर येतील, तू त्यांच्याबरोबर संभाजीनगरला जा. मुक्काम मोहिनीताईंच्या बहिणीकडं आहे, माझं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. संध्याकाळी मामाची गाडी तुझ्या खोलीपुढं यायची आहे, त्याआधीच तू निघालेली असावीस. मामाला मी तू निघाल्यावर सांगेन. तो काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकून घेईन. तू आईसाठी येत नाहीस, माझ्यासाठी येतेस, हे मला बुधवारीच कळलं. पप्पा एवढ्या माणसांत एकटे पडतील, त्यांना बोलता येणार नाही, असं तुला वाटतं. तुझं चुकत नाही. मला तू यायला हवी आहेस. त्या फोटोसमोर तू शेजारी नसताना मी कसा बसणार, मला खरंच माहीत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तू एकदा जरी "येऊ का?" म्हणालीस, तरी माझ्या तोंडून "ये" निघेल. दुसरं काही निघणारच नाही. म्हणून फोन केला नाही, म्हणून कागद घेतला. दहा तारखेला घरी येऊ नकोस. बघ, लिहिता आलं. आता मी हे पाकीट चिकटवून पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे, म्हणजे मला ते परत काढता येणार नाही. पत्र मिळाल्यावर मला फोन करू नकोस, पेपर होईपर्यंत मी उचलणार नाही.

वडगावातूनच,
तुझाच
पप्पा